आवाजाचा आडोसा

‘मी रडायला लागले की तू मिक्सर का लावतोस, बाबा?’

मुलीनं हे विचारलं तेव्हा माझा एक बूट पायात होता आणि दुसरा हातात. तिचा आवाज चढलेला नव्हता. भांडायचं असतं तर तिनं आधी केस वर बांधले असते. ही तिच्या आईची सवय तिनं जशीच्या तशी उचलली आहे. केस मोकळे होते, हातात चहाचा कप होता आणि ती खरोखरच विचारत होती. ‘आणि त्यात काही नसतंही,’ ती म्हणाली. ‘काल मी उठून बघितलं. रिकामं भांडं फिरत होतं आणि तू झाकणावर हात ठेवून भिंतीकडे बघत होतास.’ मी म्हणालो, मला उशीर होतोय. उशीर होत नव्हता. मग तिनं तितक्याच शांतपणे सांगितलं की तिच्या मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे, रविवारी ती तिकडे जाईल. नवऱ्याचं घर सोडून इथं आल्यापासून तिनं माझ्याकडे काही मागितलेलं नाही आणि आताही मागत नाही. ऐकायचं नसेल तर मी ऐकू नये, त्यात काही नाही, पण आपण तोंड उघडलं की पलीकडे यंत्र सुरू होतं अशा घरात तिला राहता येणार नाही. मी दुसरा बूट घातला. अर्धा जिना उतरल्यावर कळलं की दोन्हींच्या नाड्या सुट्याच आहेत. त्या बांधायला मी पायरीवर बसलो आणि बराच वेळ बसून राहिलो. वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन मला वळसा घालून गेल्या आणि जाताना बरं नाही का म्हणून विचारून गेल्या.

उत्तर सोपं आहे. मी तुला आडोसा देत होतो. रस्ता ओलांडेपर्यंत हे वाक्य माझ्याकडे तयार होतं, पूर्ण, तळहातावर ठेवून दाखवता येईल असं. पण ती विचारणार, आडोसा म्हणजे काय. मग बराक सांगावी लागणार. बराक सांगायची तर छावणी सांगायला हवी, आणि छावणीत एकदा शिरलो की मला तिथून कुणाला तरी ओढून बाहेर काढावं लागतं. तिची आई होती तोवर ते काम तिचं होतं. पाहुण्यांसमोर छावणीचा विषय निघाला की ती म्हणायची, आता सगळे ऐसपैस बसा, हे काही लवकर परतायचे नाहीत.

मी लहान असताना आम्ही तिथं राहायला गेलो तेव्हा पलटण निघून गेलेली होती. का गेली, कुठं गेली, ते आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ओहोटीनंतर शिंपले वेचणारी पोरं समुद्र कुठं गेला हे विचारत नाहीत. तोफा ठेवायच्या शेडमध्ये आता बस दुरुस्त होत. वडील तिथं रंगारी होते, आणि त्या आठवड्यात कुठल्या रंगाच्या बस आल्यात हे त्यांच्या कोपरांवरून कळायचं. मोठ्या फाटकावर अजून ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘थांबा. कोण आहे ते सांगा.’ शाळेतून येताना आम्ही रोज थांबायचो आणि कोण आहोत ते सांगायचो, विचारणारं कुणी नसताना. रोज वेगळं. मी एकदा सांगितलं की मी बस आहे, तर माझ्या मागच्यानं सांगितलं की तो त्याच बसचा पंक्चर झालेला टायर आहे आणि म्हणून त्याला उशीर झाला. शाळा दारूगोळ्याच्या जुन्या कोठारात भरायची. भिंती इतक्या जाड की बाहेरची घंटासुद्धा आत यायची नाही. गुरुजी अधूनमधून ते लोखंडी दार ढकलून बघायचे, बाकीचे वर्ग घरी गेलेत का. कवायतीच्या मैदानावर सिमेंट होतं, त्यावर गवताची काडी उगवत नव्हती, आणि काय जादू होती कोण जाणे, तिथं पाऊल टाकलं की चाल आपोआप सरळ व्हायची. डोक्यावर सरपण घेतलेल्या बायकासुद्धा तिथून जाताना ताठ जायच्या. पलीकडे चांदमारीची टेकडी. शिपायांनी वर्षानुवर्षं गोळ्या झाडून तिचं पोट पोखरलेलं, आणि त्या मातीत बोटं घातली की काडतुसांच्या रिकाम्या नळ्या लागायच्या. त्या ओठांवर आडव्या धरून फुंकल्या की शिट्टी वाजते. छोटी नळी बारीक वाजते, मोठी घोगरी. आम्ही टेकडीवर ओळीनं बसून त्या वाजवायचो आणि खाली बायका म्हणायच्या, आली बघा पलटण. नळ्यांना येणारा तो जळका, आंबट वास. जिभेवर तांब्याची चव. मुलगी लहान असताना तापात तिच्या कपाळाला मी ओठ लावले तेव्हा तीच—

नाही. रडण्यापर्यंत यायचं आहे.

तर बराक. लांबच लांब एक खोली, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाकडी खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली पांढऱ्या रंगात आकडा. एक खुंटी म्हणजे एक शिपाई, त्याची टोपी, त्याचा कोट, त्याच्या खाली त्याची खाट. आता त्या खोलीत कुटुंबं राहायची. खोक्यांच्या फळ्यांच्या भिंती उभ्या करून तिचे भाग पाडले होते, आणि जागा खुंट्यांवर मोजली जायची. आमचं घर सहा खुंट्यांचं. पलीकडे फिटरकाकांचं आठ खुंट्यांचं, कारण त्यांना पोरं जास्त. अलीकडे शिंपीणकाकू एकटी, तिला चार, त्यातल्या दोन तिनं गिऱ्हाइकांच्या कपड्यांना दिलेल्या. प्रत्येक मुलाची आपली एक खुंटी होती, आणि खुंटीबरोबर एक शिपाई. माझा एकशे बारा. तो उंच होता, त्याला पोहता येत नव्हतं आणि तो डावखुरा होता. हे मला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं नाही. फिटरकाकांच्या मधल्या मुलीचा शिपाई पळपुटा होता आणि तिला त्याची फार लाज वाटायची. बायका आम्हाला हाकासुद्धा तशाच मारायच्या. एकशे बारा, जेवायला चल. एकशे सोळा, नाक पूस. पण त्या फळ्या माणसाच्या डोक्याच्या जेमतेम वर जायच्या, आणि छप्पर तर पार वर, कबुतरांच्या मुलखात. म्हणजे खाली घरं वेगळी आणि वर हवा एकच. कुणाची फोडणी करपली तर सगळ्या बराकीला खोकला यायचा. दिवे एकाच बटणावर होते, दाराशी, कारण पलटणीला एकाच वेळी झोपवायचं असतं. दाराशी ज्याचं घर, तो रोज मोठ्यानं विचारायचा, ‘बंद करू का?’ आणि फळ्यांवरून उत्तरं यायची. करा. थांबा, सुई ओवतेय. करा हो, हिची सुई सकाळपर्यंत ओवून व्हायची नाही. एक पान राहिलंय. कसलं पान, हा अभ्यास करत नाहीये, झोपलाय मघाच. सगळ्यांचं झालं की अंधार. अंधारात वर एवढी मोठी हवा आणि तिच्यात सगळ्यांचा श्वास मिसळतोय. तशी झोप मला पुन्हा कुठं लागली नाही. या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीला आपलं बटण आहे. मी अजून बटणावर हात ठेवून क्षणभर थांबतो.

दुकानात काच फुटली. मी काच कापायचं काम करतो, आरसे, खिडक्या, तसबिरींच्या काचा. हिरकणीनं काचेवर रेघ ओढताना ती एका दमात ओढायची असते, आणि ओढताना तिचा आवाज ऐकायचा असतो, कापड फाटल्यासारखा, एकसारखा. तो कुठं अडखळला तर काच रेघेवर तुटत नाही, मनाला येईल तिकडे जाते. आज रेघेच्या मध्यावर मला मिक्सर ऐकू आला. मालक गल्ल्यावरून उठून आले, तुकड्यांकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे, आणि म्हणाले की आरशाची काच आणखी मिळेल, बोटं गोदामात नाहीत. मग त्यांनी विचारलं की घरी काही झालंय का. मी म्हणालो, काही नाही. ते म्हणाले, तुमचं हे काही नाही इतकी वर्षं ऐकतोय, कधीतरी काहीतरी असू द्या की, आम्हालाही बरं वाटेल. आणि त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीतच घरी पाठवलं. भर दुपारी मी रस्त्यावर, हातात डबा तसाच भरलेला.

पुन्हा. आडोसा म्हणजे. ज्या घरात सगळ्यांना सगळं ऐकू जातं तिथं माणसानं रडायचं कुठं? छावणीबाहेर माळ होता, पण रडण्यासाठी माळावर गेलं तर सगळ्यांना दिसतं. म्हणून बराकीनं एक रीत पाडली होती. कुणाच्या फळीआडून रडणं आलं की बाकीच्यांनी आवाज करायचा. लगेच नाही, लगेच केला तर ऐकल्याचं कळतं. आधी कुणीतरी खोकायचं. मग कुठंतरी एखादं भांडं. मग शिंपीणकाकू मशीन चालवायला घ्यायची, सुईत दोरा नसताना. दोरा नसलेल्या मशीनचा आवाज जरा सुटा येतो, तो आम्ही ओळखायचो. फिटरकाका पत्र्याचा डबा ठोकायला बसायचे. एकच डबा होता तो, त्या कामासाठीच ठेवलेला, ठोकून ठोकून त्याचं ताट झालं होतं. पोरांना पाढे म्हणायला लावायचे. आवाज चढत चढत रडण्याच्या वर जाऊन थांबायचा आणि त्याच्याखाली त्या माणसाला मोकळं रडता यायचं, गळा काढून. याला आडोसा देणं म्हणायचे. थांबायचंही हळूहळू; सगळे एकदम गप्प झाले तर आत बसलेल्याला कळेल की सगळे कान लावून होते. दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारायचं नाही. फक्त नळावर त्या घरची बादली रांगेत पुढे सरकलेली असायची. कुणी सरकवली ते कधी कळायचं नाही. मी मुलीच्या रडण्यानंतरच्या सकाळी तिचे कामावर जायचे कपडे इस्त्री करून ठेवतो, चपलांची पुढची टोकं दाराकडे करून ठेवतो. आज पहिल्यांदा वाटतंय की तिला ते कसं दिसत असेल. घाई. निघ आता.

छावणीत पलटणीतला एकच माणूस मागे राहिला होता, चौकीदारआजोबा. फाटकावरचं ‘कोण आहे ते सांगा’ हे खरं तर त्यांनीच विचारायचं, पण ते म्हणायचे, सांगून तरी काय फरक पडणार आहे. आम्ही त्यांना लढायांबद्दल विचारायचो आणि ते कोंबड्यांबद्दल सांगायचे. एकदा मात्र त्यांनी आमच्या खुंट्यांखाली बसून सांगितलं की ही रीत बायकांनी आणलेली नाही, ती इथलीच आहे. नवी भरती झालेली पोरं पहिल्या हिवाळ्यात अंथरुणात तोंड खुपसून रडायची, आणि एक रडायला लागला की आजूबाजूचे घोरायला लागायचे. जागे असलेले. मोठ्यानं. ‘त्यातले काही इतकं छान घोरायचे,’ आजोबा म्हणाले, ‘की रडणाऱ्याला हसू यायचं.’ मी माझ्या खुंटीकडे बघितलं. माझा एकशे बारा रडणारा होता की घोरणारा, हे मला त्या दिवसापासून ठरवता आलेलं नाही.

हे तिला सांगितलं तर तिला आवडेल. तिला आजोबांची कोंबड्यांची गोष्ट लहानपणी आवडायची. हसेलसुद्धा. आणि हसली की तिचा प्रश्न मागे पडेल, मी सुटेन, आणि रविवारी ती हसतहसत जाईल. बघा, म्हणजे हासुद्धा मिक्सरच. मी अख्खी छावणी मिक्सरमध्ये घालून फिरवतोय.

बागेच्या कठड्यावर बसून डबा उघडला आणि तसाच बंद केला. एक दुपार आहे, तिच्याकडे मला जायचं नाही. ती अशी. मला ताप होता म्हणून मी शाळेला गेलो नव्हतो. वडील शेडमध्ये. आई नळावरून आली, बादली ठेवली, पदरानं हात पुसले, आणि एकशे बाराच्या खाली, माझ्या खाटेसमोर, भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता. पण दुपारी बराक शांत असते. कुठंतरी कुणीतरी खोकलं. मग भांडं. मग काकूची मशीन, दोरा नसलेली. मला कळलं की आपल्या घराला आडोसा मिळतोय, आणि मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. इतके दिवस आपण इतरांना देत होतो. फळीच्या पलीकडून काकूचा आवाज आला, हलका, कामाचा, ‘एकशे बारा, तू पण दे रे.’ तिला वाटलं असेल की आई आत एकटी आहे आणि मी बाहेर दाराशी खेळतोय. मी उशाजवळचं ताट घेतलं, पाण्याच्या भांड्यानं ते वाजवायला लागलो, आईच्या समोर बसून. तिच्या इतका समोर की तिचा पाय माझ्या पायाला लागत होता. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी आणखी जोरात वाजवलं. ती बघतच राहिली. मग तिनं डोळे पुसले, उठली, बादली उचलली. सगळे आवाज हळूहळू उतरत गेले, रीतीप्रमाणे. संध्याकाळी नळावर आमची बादली पहिली होती.

ती कशासाठी रडत होती ते मला आजही माहीत नाही. तिला जाऊन किती वर्षं झाली. वडिलांना माहीत होतं का, तेही माहीत नाही. मी त्या नजरेला आयुष्यभर शाबासकी समजत आलो. आज कठड्यावर बसून ती नजर पुन्हा समोर आली आणि तिच्यात शाबासकी कुठं दिसेना. आडोसा बाहेरच्यांनी द्यायचा असतो. फळीच्या पलीकडे असतात त्यांनी. आत, पायाला पाय लागून बसलेला असतो त्यानं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. आणि छावणीत ते शिकायची जागाच नव्हती, कारण आत काय होतं ते बाहेर कधी ऐकूच आलं नाही, आम्ही सगळे मिळून इतका छान आवाज करायचो. या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच आहोत. पलीकडे कुणी नाही. आहे ते सगळं आत आहे.

घरी आलो तेव्हा ऊन अजून जिन्यात होतं. तिची आज सुट्टी. दार उघडलं आणि कळलं. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, त्यामागून येत होतं, ती नेहमी रडते तसं, श्वास घेताना अडकणारं. माझे पाय स्वयंपाकघराकडे वळले. मी त्यांना वळताना बघितलं. ओट्यापाशी जाऊन मी पाणी प्यायलो, ग्लास आवाज न करता खाली ठेवला, आणि तेवढ्यानंच मला घाम फुटला. मग तिच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. दार वाजवायची मला सवय नाही. बराकीत दारं नव्हती, पडदे होते. माणूस बाहेर उभा राहून खोकायचा. मी खोकलो.

‘खोकू नकोस,’ ती आतून म्हणाली. ‘यायचं तर ये.’

पलंगावर अर्धी भरलेली बॅग होती आणि बॅगेच्या पलीकडे ती, गुडघे जवळ घेऊन. मी उरलेल्या जागेत टेकलो, जेमतेम. सकाळपासून रचलेलं सगळं, फाटक, कोठार, आजोबा, सगळं घशापर्यंत आलं. मी म्हणालो, ‘मला वाटायचं, रडताना तुला कुणी ऐकू नये असं वाटत असेल.’

‘कुणी ऐकूच नये,’ ती म्हणाली. ‘पण तू कुणी आहेस का?’

आणि ती पुन्हा रडायला लागली, या वेळी तोंड न झाकता. मी हात मांडीवर ठेवले. ते कशाला तरी लागू नयेत म्हणून एकात एक अडकवले. मी इतक्या माणसांचं रडणं सुरू होताना ऐकलं आहे आणि एकाचंही पुढचं ऐकलेलं नाही. ते आधी चढतं. मग मध्येच काही शब्द येतात, त्यांतले निम्मे कळत नाहीत. कळले ते नवऱ्याबद्दल नव्हतेच. तिकडच्या घराच्या गॅलरीबद्दल होते. सकाळी तिथं ऊन यायचं, फरशीवर, पाय ठेवायला पुरेल एवढं, आणि ती कामाला जायच्या आधी तिथं उभी राहायची. त्याची आठवण येत नाही, बाबा, ती म्हणाली, म्हणजे येते पण तशी नाही, मला त्या उन्हाची येते, वेडेपणा आहे ना. मी म्हणालो, नाही. हा शब्द मी इतक्या खात्रीनं क्वचित म्हटला असेल. मग रडणं उतरतं. नाक ओढलं जातं. उचकी येते, एक, मग बराच वेळ काही नाही. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी तपासून बघत होतं. तिनं ओढणीनं चेहरा पुसला. म्हणजे हे असं संपतं तर, मला वाटलं, आणि मी उठायला लागलो.

‘बस,’ ती म्हणाली. ‘अजून आहे.’

आणि तिनं पायानं बॅग पलंगावरून खाली ढकलली, मला नीट बसता यावं म्हणून.